ढब्बूला झोपू द्यायचं न्हाई

१

मला गोष्टी सांगायचा नाद न्हाई. शाळेत चौथीपर्यंत गेलतो, तिथंबी मास्तर म्हणायचा, "उत्तरेश्वर, तू गप बस, तेवढीच वर्गाला मदत." पण आता परळीतल्या आमच्या गल्लीत जो उठतो तो माझ्याच ओट्यावर येऊन टेकतो आन् विचारतो, "काका, त्या वैजिनाथच्या घरात खरं काय झालं?" वैजिनाथ सांगत न्हाई. त्याची बायको तोंडाला पदर लावून हसती आन् आत जाती. मग राहिलो मी. कंबर माझी दुखती, चहा कुणी पाजत न्हाई, आन् सांगायचं मात्र मी. घ्या, एकदाच सांगतो. मधी कुणी शंका काढली तर उठून आत जाईन.

वैजिनाथ माझा शेजारी. दोघांच्या घरांमधी एक बोळ, बस. किराणा दुकान भाड्यानं दिलं तवापासून ह्या माणसाला काम उरलं न्हाई, आवाज तेवढा उरला. पहाटं उठायचा, खाकरायचा, घंटा बडवायचा, चूळ भरताना अशी गुळगुळ करायचा की पलीकडच्या गल्लीतली लेकरं रडायला लागायची. आमच्या गल्लीतल्या कोंबड्यानं आरवायचं कधीच सोडून दिलं. त्याला गरजच वाटंना.

एवढा खणखणीत माणूस, पण एका जागी मुका. पोरगी ईश्वरी हिनं पुण्यात आपल्या मर्जीनं लग्न केलं, आन् ह्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. टाकताना रागात टाकलं. उचलायचं कसं ते मात्र त्याला जमंना. फोन वाजला की शांतावैनींच्या हातात देऊन स्वतः अंगणात जायचा आन् खिडकीखाली कान देऊन उभा राहायचा. मी माझ्या खिडकीतनं बघायचो की.

दिवाळी सरली आन् ईश्वरी अचानक दारात उभी. हातात आंब्याची पेटी.

"अप्पा, मला कामासाठी परदेशात जावं लागतंय. थंडी संपेपर्यंत. ह्याला सांभाळाल का?"

पेटीत कासव. थाळीएवढं, मातकट रंगाचं. तोंड असं, जसा काय आत्ताच कुणी त्याचा अपमान केलाय. नाव ढब्बू.

"हे आफ्रिकेकडचं आहे," ईश्वरी म्हणाली. "रीतसर नोंद केलेलं, कागद आहेत. काही कासवं थंडीत दडून झोपतात आणि उन्हाळ्यात उठतात. ह्याला तशी झोप ठाऊकच नाही. गारठ्यानं एकदा सुस्तावलं, मान आत घेतली, की उठणारच नाही. ह्याला जागं ठेवायचं, अप्पा. फिरवायचं, खाऊ घालायचं, ऊब द्यायची." मग जरा थांबून म्हणाली, "झोपलेल्याला उठवण्यात तुमचा हात धरणारा दुसरा माणूस मला माहीत नाही."

दोन वर्षांनी पोरगी बापाशी बोलली ती हे. वैजिनाथनं पेटी अशी घेतली, जसं तान्हं लेकरू घ्यावं. म्हणला एवढंच, "ठेव. जा निवांत."

पण त्याला कळलं होतं. हा जीव गेला तर ही पोरगी परत ह्या उंबऱ्यावर उभी राहायची न्हाई.

२

दुसऱ्या दिवसापासून गल्लीला फुकट तमाशा. सकाळी ढब्बूला परातीत बसवायचं. पाणी कोमट, हनुवटीपर्यंत, वर न्हाई. मग दात घासायच्या जुन्या ब्रशनं पाठ घासायची.

शांतावैनी म्हणल्या, "आवं, इतकी वर्षं झाली लग्नाला. माझ्यासाठी कधी पानी तापवलं न्हाई."

"तू थंडीनं झोपून मरणार हायस का?" वैजिनाथ म्हणला.

"तुमच्या आवाजात? झोपंनंबी मरू द्यायचे न्हाईत तुमी."

मग अंगणात फेरी. ढब्बू चार पावलं टाकायचा आन् उभा राहून इचार करायचा. वैजिनाथनं काठीला दोरा बांधला, दोऱ्याला जास्वंदीचं फूल, आन् ते त्याच्या तोंडापुढं धरून स्वतः उलटा चालायला लागला. "चल बे! आफ्रिकेचा ना तू? सिंहाच्या गावचा जीव, आन् मांजराला भितो?" ढब्बू मान लांब करून फुलाकडं निघायचा, वैजिनाथ मागं बघत न्हाई म्हणून रांजणावर आदळायचा, आन् शिव्या खायचा रांजण.

खायला शेवग्याचा पाला, लसूणघास, जास्वंद. संध्याकाळी ईश्वरीचा फोन यायचा, चेहरा दिसणारा. आधी ती ढब्बूशीच बोलायची. वैजिनाथ फोन धरून उभा, पडद्याच्या बाहेर. मग हळूहळू त्याचा अर्धा कान दिसायला लागला, मग गाल, मग एक दिवस अख्खा माणूस आत आला. "आज फूल आख्खं खाल्लं," म्हणला. "बरं," ती म्हणली. एवढ्यावर शांतावैनींनी त्या रात्री शिरा केला.

आता चूक सांगतो. शांतावैनी म्हणत होत्या, पेटी चुलीपाशी ठेवा. वैजिनाथ म्हणला, न्हाई, कासवाची जागा ईशान्येला. घर बांधताना पायाभरणीत त्या कोपऱ्यात तांब्याचं कासव पुरलेलं. आमच्याकडं पुष्कळजण पुरतात, माझ्याबी घराखाली हाय. "कासवापाशी कासव ठेवू. ह्याला सोबत व्हईल." झालं. पेटी त्या कोपऱ्यात, वर मोठा पिवळा बल्ब. आता परळीत वीज तयार होती आन् परळीतनंच जाती. वीज गेली की वैजिनाथ घमेल्यात निखारे भरायचा आन् घमेलं पेटीशेजारी थेट फरशीवर ठेवायचा. फरशी चांगली तापायची, ढब्बू डोळे उघडायचा, वैजिनाथ खूश.

ज्या फरशीखाली ते तांब्याचं कासव होतं, तीच ही फरशी. थंडीभर तापत राहिली.

३

पुढचं वैजिनाथनंच मला नंतर सांगितलं, म्हणून मी खात्रीनं बोलतो.

त्याच्या घराचं दार पूर्वेला. सकाळचं ऊन दारातनं आत येतं आन् त्याचा कवडसा फरशीवर पडतो. ढब्बूला पाण्यातनं काढलं की वैजिनाथ त्याला त्या कवडशात ठेवायचा. जागा ठरलेली. एका फरशीचा कोपरा उडालाय, तिथं. थंडी वाढंल तसा कवडसा उत्तरेच्या भिंतीकडं सरकत जातो आन् संक्रांतीनंतर माघारी वळतो. घर बांधल्यापासूनचा हिशेब हाय तो, सूर्य काय वैजिनाथला विचारून चालत न्हाई.

संक्रांतीला अजून लई दिवस होते, तवा एक दिवस ढब्बूला ठेवलं आन् वैजिनाथ पाला आणायला गेला. येऊन बघतो तर ढब्बू सावलीत. कवडसा शेजारच्या फरशीवर पडलेला. उत्तरेच्या न्हाई, दक्षिणेच्या.

वैजिनाथ मनाशी म्हणला, मीच चुकीच्या जागी ठेवलं असंल. दुसऱ्या दिवशी कोपरा उडालेली फरशी बघून ठेवलं. कवडसा आणखी दक्षिणेला. म्हणला, दाराची चौकट फुगली असंल. चौकट बघितली. चौकट जशी होती तशीच. म्हणला, मग सूर्याचंच काहीतरी बिघडलं. आन् ह्या इचारानं त्याला हसू आलं. कारण सूर्याचं बिघडलं असतं तर मी, उत्तरेश्वर, सगळ्यात आधी बोंब मारली असती, हे त्याला ठाऊक.

त्याच आठवड्यात शांतावैनींच्या हातनं लिंबू पडलं. गडगडत देवघराच्या कोपऱ्याकडं गेलं. "फरशी खचली वाटतं," त्या म्हणल्या. दुपारी तेच लिंबू त्यांनी मुद्दाम सोडून बघितलं. चुलीकडं गेलं.

"सकाळी तिकडं उतार, आता इकडं?"

"मुरूम बसतोय खालचा," वैजिनाथ म्हणला.

"मुरूम बसतो तर एका बाजूला बसंल की. हा तर एकदा डावा पाय टाकतोय, एकदा उजवा."

बोलून गेल्या, आन् दोघंबी त्या लिंबाकडं बघत राहिले. मग वैजिनाथनं लिंबू उचललं, कापलं, आन् सरबत करून पिलं. भर थंडीत.

४

आता माझा भाग. थोडकाच हाय.

आमचा बोळ एवढा की मांजर सरळ चालतं, माणूस आडवा होऊन जातो. एक दिवस मी मोरीचं पाणी बघाय गेलो तर पुढच्या तोंडाला माझा खांदा शिरंना. म्हणलं, उत्तरेश्वर, तू जाड झालास. मागं गेलो तर मागच्या तोंडानं कुणाचं तरी वासरू आरामात आत येऊन माझ्या भिंतीला पाठ घासतंय.

पुढं अरुंद, मागं रुंद. माझं घर मी ओळखतो, ते जागचं हललेलं न्हाई.

मी सरळ माणूस. वैजिनाथच्या दारात गेलो. चारचौघं ढब्बूचा खेळ बघत बसलेले. म्हणलं, "वैजिनाथ, तुझी भिंत माझ्याकडं आलीया."

"काय आलीया?"

"भिंत. पुढनं माझ्याकडं, मागनं तिकडं. तुझं घर वळतंय."

सगळे हसले. मीबी ऐकणारा असतो तर हसलो असतो. पण वैजिनाथ हसला न्हाई. त्याचा चेहरा पांढरा पडला, आन् मग लाल झाला. म्हणला, "मोतीबिंदू झालाय तुला. आन् दुसऱ्याच्या जागेवर डोळा तुझा आजचा न्हाई. आज म्हणतो भिंत आली, उद्या म्हणशील आर्धं घर माझं. चोर हायस तू, उत्तरेश्वर."

चोर. चारचौघांत. आन् त्या ढब्बूसमोर.

मी परत आलो. बोलणं बंद.

५

वैजिनाथला त्या दिवशी माझ्यावर राग आला तो मी खोटं बोललो म्हणून न्हाई. त्यानं सकाळीच दारात उभं राहून बघितलं होतं. समोरचा कडुलिंब त्याच्या दाराच्या नेमका मधी दिसायचा. आता तो चौकटीच्या डाव्या लाकडाआड गेलता.

दुपारी शांतावैनी बाजारात गेल्या. घरात वैजिनाथ आन् ढब्बू. ढब्बू पेटीत नखं घासत होता, खर्र, खर्र. हा आवाज वैजिनाथच्या आवडीचा. जागा असल्याची खूण. तो बाजेवर पडून ऐकत होता आन् ईश्वरीला आज काय सांगायचं ते जुळवत होता.

मग त्याचं लक्ष गेलं. ढब्बू थांबलेला. मान आत, पाय आत, नुसती पाठ दिसत होती.

खर्र. खर्र.

"घुशी," वैजिनाथ मोठ्यानं म्हणला. घरात कुणी न्हाई हे इसरून म्हणला. घुशीच असणार. घुशी खाली उकरतात, फरशी खचती, दार वाकडं व्हतं, सगळं जुळतं. त्याला लई बरं वाटलं. तो उठला आन् अनवाणी त्या कोपऱ्याकडं निघाला.

फरशी गरम होती. बल्बाखाली असणारच. पण ती बाजेपाशीबी गरम होती. दारापाशीबी. जिथं कधी घमेलं ठेवलं न्हाई, त्या उंबऱ्यालाबी ऊब होती. कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

त्यानं बल्ब बंद केला. खर्र हळू झालं. मग लांब लांब झालं. मग थांबलं. त्यानं सुटकेचा श्वास टाकला आन् ढब्बूला हात लावला. ढब्बू गार पडत चाललेला. उचललं तरी पाय हलवंना. डोळ्यांवर पापणी.

"ए ढब्ब्या. ए. उठ की बे."

बल्ब लावला. छातीशी धरून चोळलं. कितीतरी वेळानं ढब्बूनं एक डोळा उघडला.

आन् खाली, खर्र.

६

त्या आठवड्यात गारठा असा पडला की दुधाच्या पिशव्या वाटणारा तोंडावर मफलर बांधून यायचा, आन् लोक त्याला चोर समजायचे. (चोर कुणाला म्हणावं ह्याचं आमच्या गल्लीला भानच न्हाई.)

संध्याकाळी ईश्वरी म्हणाली, "अप्पा, तिकडं फार थंडी आहे म्हणे. ढब्बू?"

"हाय जागा."

"तुमच्याकडं आहे म्हणून मी निवांत आहे." मग म्हणाली, "आल्यावर घरी चार दिवस राहिले तर चालेल का?"

वैजिनाथनं मान हलवली नुसती. फोन ठेवला तवा फरशी त्याच्या तळव्याखाली थोडी वर आली आन् परत खाली गेली. बल्ब बंद करायचा तर पोरगी जाती. चालू ठेवायचा तर घर जातंय, कुठं ते ठाऊक न्हाई.

त्यानं पेटी चुलीपाशी न्हेली. दुसऱ्या सकाळी खर्र चुलीखाली होतं.

त्या दिवशी भर दुपारी माझ्या दारात वैजिनाथ. हातात पहार. मी म्हणलं, आता हा मला मारतो.

"फरशी उचलायची हाय," म्हणला. "एकट्याच्यानं व्हईना."

"चोराला घरात घेतोस?"

"ये की बे आता."

गेलो. मागं शांतावैनी कंदील घेऊन उभ्या, दुपारी कशाला ते मी विचारलं न्हाई. ईशान्येची फरशी दोघांनी पहारीनं उचकटली. खाली तांब्याचं कासव. तळहाताएवढं, हिरवं पडलेलं, जसं ठेवलं होतं तसं, जागच्या जागी. वैजिनाथ मटकन् खाली बसला आन् हसायला लागला. आमीबी हसलो. शांतावैनी म्हणल्या, "बगा, एवढंसं हाय, आन् तुमी काय काय इचार केला!"

वैजिनाथनं ते पुसायला उचललं.

त्याच्याखाली मुरूम असायला पाहिजे होता. मुरूम नव्हता. एक पाटासारखा तुकडा होता, कडेनं उंच, मधी सपाट. त्यावर एकात एक वळ्या, झाड कापल्यावर दिसतात तशा. शेजारी तसाच दुसरा, मधल्या खाचेत माती. तो आमी उभे होतो त्या फरशीखाली गेलेला. त्यापलीकडं तिसरा असंल तर तो भिंतीखाली असणार. मी खाली वाकलो. ऊब तोंडावर आली. आन् त्या वळ्या, सगळ्या मिळून, सावकाश वर आल्या, जरा थांबल्या, आन् सावकाश खाली गेल्या. देवघरातली घंटा एकदा आपोआप वाजली.

"झाका," शांतावैनी म्हणल्या. एवढंच.

वैजिनाथनं तांब्याचं कासव दोन्ही हातांनी परत जागेवर ठेवलं. फरशी टाकली. त्याच मापाची फरशी, पण आता नीट बसंना, मग आमी तिघं तिच्यावर बसलो.

७

त्या दिवसापासून त्या घरात बल्ब न्हाई, घमेलं न्हाई. चूलसुद्धा शांतावैनींनी बाहेर अंगणात मांडली. मग ढब्बू?

ढब्बूला वैजिनाथनं पोटाशी बांधलं. आधी उपरणं, त्यावर स्वेटर, त्यावर शाल. जेवताना, पूजेला, बाजारात, झोपताना. गल्लीनं विचारलं, "अप्पा, पोट सुटलं का?" तो म्हणायचा, "दिवस गेलेत." सगळे हसायचे, आन् स्वेटरच्या गळ्यातनं ढब्बू मान काढून जास्वंद मागायचा. उन्हात फिरवायचा तो गल्लीत, घराच्या जमिनीवर कधी न्हाई. रोज कोमट पाणी, पण परात बाजेवर. झोप येऊ नये म्हणून बाप त्याच्याशी बोलत राहायचा. काय बोलायचा? ईश्वरी ल्हान होती तवाचं सगळं. दोन वर्षांचं साठलेलं. ढब्बूनं सगळं ऐकलं. झोपला न्हाई.

घर तिथंच थांबलं. लिंबू सोडलं की लिंबू जागच्या जागी.

महाशिवरात्रीच्या आसपास ईश्वरी आली. वैजिनाथनं स्वेटर वर केला आन् ढब्बू तिच्या हातात दिला. ढब्बू जिवंत, तोंडावर तोच अपमान. ईश्वरीनं ढब्बूला नव्हे, बापाला मिठी मारली. अंगणात शांतावैनी रडल्या, मी माझ्या खिडकीत नाक शिंकरलं. गारठ्यानं.

मग ती पाऊल मागं घेऊन घराकडं बघायला लागली. "अप्पा, आपलं दार नीट लिंबासमोर होतं ना?"

"लिंब वाढला," वैजिनाथ म्हणला.

तिनं हसून ढब्बूला खाली ठेवलं. उंबऱ्याच्या आत, फरशीवर. कुणाला थांबवायला सुचलं न्हाई. ढब्बू जरा उभा राहिला. मग सरळ ईशान्येच्या कोपऱ्याकडं निघाला, पूर्वी कधी चालला न्हाई एवढा भराभर. तिथं पोचला, फरशीला गळा टेकवला, आन् तसाच राहिला. मान बाहेर, डोळे उघडे.

"किती चपळ झालाय!" ईश्वरी म्हणाली. "आता काय काळजी, अप्पा. थंडी संपली. उन्हाळ्यात बल्बसुद्धा लागत नाही, परळीची जमीन नुसती तापून निघते."

वैजिनाथनं शांतावैनींकडं बघितलं. आजवरचे सगळे उन्हाळे ते खालचं झोपेतच काढत आलं असंल, खरं हाय. पण एकदा जागं झालेल्याला परत झोपवायचं कसं, ते ईश्वरीनं कधी सांगितलंच नव्हतं.

"चार दिवस न्हाई," वैजिनाथ पोरीला म्हणला, "लई दिवस राहा." आन् लगेच म्हणला, "पण आपण सगळे बाहेर अंगणात झोपू. हवा चांगली असती."

ईश्वरी हसली. राहिली. अजून हाय. रात्री अंगणात तिघांच्या बाजा, बाप-लेकीच्या गप्पा, आन् त्या माणसाचा आवाज पहिल्यापेक्षा दुप्पट. होळी झाली. ऊन वाढतंय. बोळाचं पुढचं तोंड परवा मिटलं, त्याची भिंत माझ्या भिंतीला टेकली. दुपारी ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसलो की माझी कंबर छान शेकून निघती. दुखणं थांबलं, ते खोटं कशाला सांगू. पाठीमागनं ती भिंत सावकाश वर येती, खाली जाती.

भिंत आली, हे मी सांगितलं होतं. फरशी उचलून तीन माणसांनी बघितलं. पोरगी घरात आली, कासव जिवंत राहिलं, सगळ्यांचं सगळं गोड झालं. तरी ज्यानं मला चारचौघांत चोर म्हणलं, त्याच्या तोंडातनं अजून "चुकलं" असा एक शब्द निघाला न्हाई. घर माझ्या अंगावर येऊन टेकलं, पण माफी मागायला हा माणूस ओट्यावर येत न्हाई. नाव परत एकदा सांगतो, नीट ऐकून ठेवा: वैजिनाथ.